चौकशीचे ग्रंथ आणि ग्रंथालयाची चौकशी

ग्रंथालयातील सर्वांत कमी हाताळला जाणारा विभाग कोणता, असे विचारल्यास बहुतेक ग्रंथपाल सरकारी अहवालांच्या कपाटाकडे बोट दाखवतील. कादंबऱ्यांची पाने कोपरे दुमडून जुनी होतात, चरित्रांच्या शिवणी उसवतात. अहवाल मात्र धूळ खात, पण धडधाकट उभे असतात. अशाच काही अहवालांनी एका बलाढ्य राष्ट्रातील सत्तेला जाब विचारला, त्यांतले काही दडपण्यासाठी सरकारने आपले वजन खर्ची घातले आणि काही लपूनछपून बाहेर आणावे लागले, हे त्या कपाटाकडे पाहून कोणास खरे वाटणार नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत केंद्र सरकारच्या यंत्रणा, त्यांवर देखरेख ठेवणारे विधिमंडळ आणि या दोहोंविषयी निघालेली पुस्तके यांचे नाते कसे घडत गेले, हा म्हणूनच ग्रंथप्रेमी वाचकाच्याही जिव्हाळ्याचा विषय ठरतो. समिती नेमली जाते, साक्षी होतात, वर्तमानपत्रे चार दिवस गाजतात. मागे उरतो तो छापील मजकूर. तो उरला तरच चौकशी झाली होती हे पुढच्या पिढीला कळते.

अमेरिकेच्या विधिमंडळास काँग्रेस म्हणतात. सिनेट आणि प्रतिनिधिगृह ही त्याची दोन सभागृहे. (काँग्रेस म्हटले की आपल्याकडे पक्ष डोळ्यांपुढे येतो, म्हणून हा खुलासा.) शासनाच्या खात्यांची चौकशी करण्याचा अधिकार या काँग्रेसला आहे, असे १७८७ च्या राज्यघटनेत कोठेही स्पष्ट शब्दांत लिहिलेले नाही. तो वापरातून सिद्ध झाला. नोव्हेंबर १७९१ मध्ये जनरल सेंट क्लेअर याच्या सैन्याचा मूळ रहिवाशांच्या संयुक्त फौजेने धुव्वा उडविला आणि सहाशेहून अधिक सैनिक मारले गेले. पुढल्या वर्षी प्रतिनिधिगृहाने समिती नेमून युद्धखात्याकडे कागद मागितले. अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी सहकाऱ्यांशी खल केला. ठरले असे, की कागद द्यावेत. पण जे उघड केल्याने राष्ट्राचे अहित होईल असे कागद राखून ठेवण्याचा अधिकार अध्यक्षांकडे असावा. कागद मागण्याचा हक्क आणि कागद नाकारण्याचा हक्क असे दोन्ही एकाच चौकशीच्या पोटी जन्मास आले. पुढील सव्वादोनशे वर्षांचे भांडण हे या जुळ्या भावंडांचे भांडण आहे.

या इतिहासात ग्रंथालयाला जागा मिळाली ती १८१३ साली. विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील खंड देशातील विद्यापीठांना, राज्य-ग्रंथालयांना आणि इतिहास-संस्थांना पाठवावेत, असा ठराव त्या वर्षी काँग्रेसने केला. १८१७ पासून समित्यांचे अहवाल क्रमांकित खंडांत बांधले जाऊ लागले. ४ मार्च १८६१ रोजी, म्हणजे लिंकन यांनी पदाची शपथ घेतली त्याच दिवशी, सरकारचे स्वतःचे मुद्रणालय सुरू झाले. आज हजाराहून अधिक ग्रंथालयांत अशी प्रकाशने विनामूल्य येतात आणि ती कोणाही नागरिकास पाहू दिली पाहिजेत, अशी अट असते. यास एक महत्त्वाची जोड आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारने तयार केलेल्या लेखनावर तेथे स्वामित्वहक्क नसतो. कोणीही प्रकाशक ते उचलून छापू शकतो. हा वरकरणी किरकोळ वाटणारा नियम पुढे फार कामी आला. जाता जाता हेही सांगण्याजोगे, की त्याच विधिमंडळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वॉशिंग्टनच्या ग्रंथालयाने १९६२ साली नवी दिल्लीतील कार्यालयामार्फत भारतीय भाषांतील पुस्तके घेण्यास प्रारंभ केला. मदत म्हणून आलेल्या गव्हाच्या मोबदल्यात येथे साठलेल्या रुपयांतून ही खरेदी होई आणि त्या वाटेने कित्येक मराठी पुस्तके सातासमुद्रापार गेली.

विधिमंडळाच्या देखरेखीवरचे पहिले गाजलेले पुस्तक एका विद्यार्थ्याने लिहिले. वुड्रो विल्सन बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकत असताना, १८८५ साली, त्यांचे ‘काँग्रेशनल गव्हर्न्मेंट’ प्रसिद्ध झाले. कायदे करण्यापेक्षाही, शासन काय करते हे शोधून लोकांस सांगणे हे विधिमंडळाचे अधिक मोलाचे काम होय, असा त्यातील एका प्रकरणाचा रोख होता. पुढे हेच विल्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९१७ मध्ये त्यांच्याच सहीने हेरगिरीविरोधी कायदा अमलात आला. शासन काय करते हे लोकांस सांगणाऱ्यांवर पुढील काळात जे खटले झाले, त्यांतील कित्येक या कायद्याखाली झाले. दैवगती म्हणावी ती हीच.

पुस्तकामुळे यंत्रणा जन्मास आल्याची उदाहरणे प्रसिद्धच आहेत. अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या कादंबरीने शिकागोच्या कत्तलखान्यांतील घाण चव्हाट्यावर आणली आणि १९०६ च्या जूनअखेरीस मांसतपासणीचा व शुद्ध अन्न-औषधांचा असे दोन कायदे झाले. रेचेल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ मध्ये लिहिले, १९६३ मध्ये त्या सिनेटच्या उपसमितीपुढे बोलल्या. १९७० साली पर्यावरण-संरक्षणाची केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. येथे सरकार व पुस्तक यांचे फारसे वैर नव्हते. खरी कसोटी लागली ती गुप्त यंत्रणांच्या बाबतीत.

सी.आय.ए. ही परदेशी गुप्तवार्तेची यंत्रणा १९४७ च्या कायद्याने स्थापन झाली. तिच्यावर देखरेख म्हणजे काही मोजक्या ज्येष्ठ सदस्यांशी अधूनमधून होणारी बंद दाराआडची बातचीत. या कामासाठी दोन्ही सभागृहांची स्वतंत्र संयुक्त समिती असावी, असा ठराव १९५६ मध्ये सिनेटपुढे आला, तो २७ विरुद्ध ५९ मतांनी पडला. आपल्याला हे सारे माहीत नसलेलेच बरे, असा तेव्हाच्या काही सदस्यांचा प्रामाणिक कल होता. ज्यांनी विचारायचे तेच विचारीत नाहीत म्हटल्यावर ते काम पत्रकारांकडे आले. १९६४ मध्ये डेव्हिड वाईज आणि थॉमस रॉस यांचे ‘द इनव्हिजिबल गव्हर्न्मेंट’ निघाले. पहिल्या आवृत्तीच्या सगळ्या प्रती विकत घेऊन टाकाव्यात, असा विचार सी.आय.ए.मध्ये झाला होता. रँडम हाउसचे बेनेट सर्फ यांनी, आनंदाने विकू, पण लगेच दुसरी आवृत्ती छापू, असे उत्तर दिल्याचे सांगतात. प्रकाशकाचा धंदा आणि लोकहित यांचे इतके चांगले जुळलेले उदाहरण विरळाच!

१९७१ च्या जूनमध्ये व्हिएतनाम युद्धाविषयीचे संरक्षणखात्याचे गोपनीय दप्तर, सुमारे सात हजार पानांचे व सत्तेचाळीस खंडांचे, डॅनियल एल्सबर्ग यांच्याकडून वर्तमानपत्रांच्या हाती आले आणि सरकारने छपाईविरुद्ध मनाई मागितली. या प्रकरणातला ग्रंथाचा भाग मात्र कमी लोकांना ठाऊक असतो. अलास्काचे सिनेटर माइक ग्रॅव्हेल हे सार्वजनिक इमारती व मैदाने यांसाठीच्या एका बिनमहत्त्वाच्या उपसमितीचे अध्यक्ष होते. २९ जूनच्या रात्री त्यांनी त्या उपसमितीची बैठक बोलावली आणि सरकारी इमारतींसाठी पैसा का नाही, तर तो व्हिएतनाममध्ये जातो, एवढ्या धाग्यावर त्या दप्तराचे वाचन सुरू केले. मध्यरात्र उलटली, वाचता वाचता त्यांना रडू कोसळले, तेव्हा उरलेली पाने त्यांनी कामकाजात दाखल करून घेतली. समितीच्या कामकाजात गेलेला कागद विधिमंडळाचा झाला. सर्वोच्च न्यायालयाने वर्तमानपत्रांच्या बाजूने निकाल दिला तो दुसऱ्याच दिवशी. पण ती सारी पाने ग्रंथरूपाने छापण्यास बॉस्टनची बीकन प्रेस ही एका धर्मसंस्थेची छोटी प्रकाशनसंस्था पुढे आली. तिने चार खंड काढले; त्यापायी एफ.बी.आय. या केंद्रीय तपासयंत्रणेने त्या धर्मसंस्थेची बँकखाती तपासली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सभागृहातील बोलण्याला संरक्षण आहे, बाहेरच्या प्रकाशकाकडून छापून घेण्याला ते नाही. बीकन प्रेसचे खंड तोवर ग्रंथालयांत पोहोचले होते.

१९७४ मध्ये नॉफ या प्रकाशनसंस्थेने काढलेले ‘द सी.आय.ए. अँड द कल्ट ऑफ इंटेलिजन्स’ तर मुद्रणाच्या इतिहासातच जपून ठेवण्यासारखे आहे. व्हिक्टर मार्चेटी हे सी.आय.ए.तून बाहेर पडलेले अधिकारी. सहलेखक जॉन मार्क्स परराष्ट्रखात्यातून आलेले. नोकरीत असताना केलेल्या कराराच्या आधारे न्यायालयाने हस्तलिखित आधी यंत्रणेला दाखविण्याचा हुकूम दिला. यंत्रणेने ३३९ ठिकाणी कात्री सुचविली. झगडून ती संख्या १६८ वर आली. मग लेखकद्वयाने आणि प्रकाशकाने ठरविले, की जेथे मजकूर गेला तेथे जागा कोरी सोडायची, आणि भांडून परत मिळविलेला मजकूर ठळक टंकात छापायचा. वाङ्मय म्हणून पुस्तक काही थोर नव्हे. पण एखादे वाक्य अर्ध्यावर तुटून पुढे बोटभर कोरा कागद लागतो, तेव्हा वाचक थबकतो. सरकारने काय झाकले असेल याचा तर्क करू लागतो. दडपणुकीचा एवढा बोलका नकाशा आणखी कोणी काढला नसेल.

त्याच वर्षाच्या २२ डिसेंबरला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये सीमूर हर्श यांनी सी.आय.ए.ने स्वदेशातील नागरिकांवरच पाळत ठेवल्याचे वृत्त दिले आणि विधिमंडळाला जाग आली. २७ जानेवारी १९७५ रोजी सिनेटने ८२ विरुद्ध ४ मतांनी अकरा सदस्यांची समिती नेमली. आयडाहोचे सिनेटर फ्रँक चर्च तिचे अध्यक्ष. या समितीने पुढील सव्वा वर्षात जे छापले ते एक स्वतंत्र ग्रंथमालाच आहे: परराष्ट्रीय नेत्यांच्या हत्येच्या कटांविषयीचा अहवाल, साक्षींचे सात खंड आणि अंतिम अहवालाचे सहा, असे एकूण चौदा. हत्येच्या कटांचा अहवाल प्रसिद्ध होऊ नये अशी अध्यक्ष फोर्ड यांची इच्छा होती. सिनेटने बंद बैठकीत चर्चा केली, मतदान केले नाही, आणि समितीने आपल्या अधिकारात तो नोव्हेंबर १९७५ मध्ये बाहेर काढला. क्यूबाचे कॅस्ट्रो, काँगोचे लुमुंबा यांची नावे त्यात तपशिलासह आली.

तरी अधिक हादरवणारा खंड दुसरा, स्वदेशीय नागरिकांच्या हक्कांविषयीचा. १९५३ ते १९७३ या वीस वर्षांत सी.आय.ए.ने जवळजवळ अडीच लाख खासगी पत्रे फोडून त्यांची छायाचित्रे घेतली आणि त्यांतून सुमारे पंधरा लाख नावांची सूची केली. एफ.बी.आय.च्या मुख्यालयात नागरिकांविषयीच्या पाच लाखांहून अधिक फायली होत्या. एन.एस.ए. या संदेश टिपणाऱ्या यंत्रणेकडे देशाबाहेर जाणाऱ्या-येणाऱ्या तारांच्या प्रती तीस वर्षे जात होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांना खचविण्यासाठी एफ.बी.आय.ने निनावी पत्र व ध्वनिफीत धाडली होती. हे सारे आरोपाच्या भाषेत लिहिलेले नाही. समितीची भाषा कारकुनी, संथ, तळटीपांनी जड झालेली आहे, आणि म्हणूनच ती खोडता आली नाही: प्रत्येक विधानाखाली त्या यंत्रणेचाच कागद होता. समितीतील टॉवर आणि गोल्डवॉटर या दोन सदस्यांनी अंतिम अहवालावर सही केली नाही, त्यांचे मतही त्याच ग्रंथात छापले आहे. या चौदा खंडांमागोमाग १९७६ मध्ये सिनेटची आणि १९७७ मध्ये प्रतिनिधिगृहाची कायम देखरेख समिती आली. १९७८ मध्ये गुप्त पाळतीसाठी न्यायालयाची परवानगी घेण्याचा कायदा झाला.

प्रतिनिधिगृहाच्या जुळ्या चौकशीचे नशीब मात्र फुटके. ओटिस पाईक यांच्या समितीने गुप्तवार्तेवर होणारा खर्च आणि त्यातून निघणारे फळ यांचा हिशेब मागितला होता. प्रश्न अधिक मूलगामी होता असे म्हटल्यास वावगे ठरू नये. २९ जानेवारी १९७६ रोजी सभागृहाने २४६ विरुद्ध १२४ मतांनी ठरविले, की शासनाने तपासल्याविना अहवाल प्रसिद्ध करू नये. म्हणजे ज्याची चौकशी झाली त्यानेच अहवाल तपासायचा! पत्रकार डॅनियल शोर यांच्या हाती प्रत लागली, ती त्यांनी न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाला दिली. शोर यांचीच चौकशी झाली. कोणी प्रत दिली हे त्यांनी सांगितले नाही. ग्रंथरूपाने हा अहवाल १९७७ साली निघाला तो इंग्लंडात, नॉटिंगहॅमला. चर्च समितीचे नाव आज पाठ्यपुस्तकांत आहे, पाईक समितीचे फक्त अभ्यासकांच्या ओठी. आपल्याकडील वाचकाला येथे आणीबाणीविषयीच्या शहा आयोगाचा अहवाल आठवेल. १९७८ मध्ये निघालेले त्याचे तीन भाग पुढे दुर्मीळ झाले आणि माजी खासदार एरा सेझियन यांनी स्वतःजवळच्या प्रतीवरून ते २०१० मध्ये पुन्हा छापून घेतले.

यंत्रणांनी पुस्तकांशी लढण्याचे शास्त्रही याच काळात सुधारले. सायगावच्या पाडावाविषयी सी.आय.ए.चे माजी अधिकारी फ्रँक स्नेप यांनी १९७७ मध्ये ‘डीसेंट इंटर्व्हल’ लिहिले. त्यात गोपनीय असे काही आहे, हा सरकारचा दावाच नव्हता; आधी दाखविले नाही एवढाच गुन्हा. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुस्तकाची सारी मिळकत सरकारजमा करविली. पुस्तक बंदी न घालता लेखकाला दरिद्री करण्याची ही युक्ती आजही कायद्याने शाबूत आहे.

आणि मग यंत्रणा प्रत्यक्ष ग्रंथालयातच आली. जेम्स बॅमफर्ड यांचे एन.एस.ए.वरील ‘द पझल पॅलेस’ १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यातील काही माहिती त्यांना व्हर्जिनियातील लेक्सिंग्टन येथील मार्शल ग्रंथालयात, सांकेतिक लिपींचे पंडित विल्यम फ्रीडमन यांच्या देणगी दिलेल्या संग्रहात मिळाली होती. १९८३ मध्ये एन.एस.ए.चे लोक त्या ग्रंथालयात गेले आणि एकदा वाचकांसाठी खुली असलेली काही पत्रे त्यांनी पुन्हा गोपनीय ठरवून बंद करविली. अमेरिकन ग्रंथालय संघाने इतरांसह न्यायालयात दाद मागितली. ती मागण्याचा हक्कच त्यांना पोचत नाही, असे अपील न्यायालयाने १९८७ मध्ये म्हटले.

हे पहिलेच आगमन नव्हते. १९७० मध्ये अर्थखात्याचे अधिकारी मिलवॉकी, अटलांटा अशा शहरांतील सार्वजनिक ग्रंथालयांत जाऊन स्फोटकांवरील पुस्तके कोणी नेली याची नोंद मागत होते. ग्रंथालय संघाने निषेध केला, सिनेटर सॅम अर्विन यांनी अर्थमंत्र्यांना जाब विचारला, तेव्हा तो उद्योग थांबला. पुढची पायरी एफ.बी.आय.ने गाठली. सोव्हिएत हेर अमेरिकेच्या विज्ञान ग्रंथालयांतील नियतकालिके वाचतात, असे मानून तिने विशेषतः न्यूयॉर्क परिसरात एक मोहीम चालविली होती. ती नियतकालिके मुळीच गोपनीय नव्हती. जून १९८७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गणित व विज्ञान ग्रंथालयात दोन अधिकारी आले आणि काउंटरवरील कर्मचाऱ्याला परदेशी वाचकांविषयी विचारू लागले. ग्रंथालयाच्या प्रमुख पॉला कॉफमन यांनी सहकार्यास नकार दिला. गोष्ट वर्तमानपत्रांत गेली. १९८८ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या नागरी हक्क उपसमितीने सुनावणी घेतली. अध्यक्ष डॉन एडवर्ड्स हे तरुणपणी स्वतःच एफ.बी.आय.मध्ये होते, त्यामुळे ते थापांना बधणारे नव्हते. ग्रंथपालांनी साक्षी दिल्या, त्या कामकाजात छापल्या गेल्या. पुढे माहितीच्या कायद्याखाली कागद बाहेर आले, तेव्हा कळले, की या प्रकरणाच्या ओघात एफ.बी.आय.ने आपल्या दप्तरात २६६ जणांची नावे तपासली होती आणि त्यांत मोहिमेवर टीका करणारे ग्रंथपालही होते. हा सर्व इतिहास १९९१ मध्ये हर्बर्ट फोर्स्टेल यांनी ‘सर्व्हेलन्स इन द स्टॅक्स’ या ग्रंथात मांडला. फोर्स्टेल मेरिलंड विद्यापीठात ग्रंथपाल होते. चौकशी झालेल्यानेच चौकशीचे पुस्तक लिहिले आणि ते कपाटात ठेवले.

२००१ च्या हल्ल्यानंतर झालेल्या कायद्यांनी ही वाट पुन्हा रुंद केली. २००५ मध्ये कनेक्टिकट राज्यातील चौघा ग्रंथपालांकडे एफ.बी.आय.ने संगणक वापरणाऱ्यांची माहिती मागितली. अशी मागणी झाली हे कोणापाशी बोलू नये, असा हुकूमही सोबत होता. ते चौघे न्यायालयात गेले. काँग्रेस नेमकी याच कायद्याच्या मुदतवाढीवर विचार करीत होती, पण ज्यांना सांगण्यासारखे काही होते त्यांची तोंडे बांधलेली. मार्च २००६ मध्ये मुदतवाढ झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच सरकारने बोलण्यावरील बंदीचा आग्रह सोडला. चौघांपैकी एकाने सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली ती २००७ मध्ये.

सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने, म्हणजे चर्च यांच्या चौदा खंडांनी जन्मास घातलेल्या समितीने, सी.आय.ए.च्या कैद्यांवरील छळाची चौकशी २००९ मध्ये सुरू केली. साठ लाखांहून अधिक पाने चाळून ६,७०० हून अधिक पानांचा, सुमारे ३८,००० तळटीपांचा अहवाल सिद्ध झाला. ९ डिसेंबर २०१४ रोजी त्याचा ५२५ पानांचा सारांश प्रसिद्ध झाला, नावांवर काळे पट्टे फिरवून. ब्रुकलिनच्या मेलव्हिल हाउस या लहान प्रकाशनसंस्थेने महिना उलटण्याच्या आत त्याचे पुस्तक काढले. सरकारी मजकुरावर स्वामित्वहक्क नसतो, तो नियम असा उपयोगी पडला. पूर्ण अहवाल मात्र गोपनीयच राहिला. त्याच्या प्रती वेगवेगळ्या खात्यांना धाडल्या होत्या. न्यायखात्याने व परराष्ट्रखात्याने आपले पाकीट फोडलेही नव्हते. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला, की हा कागद यंत्रणेचा नसून विधिमंडळाचा आहे, सबब माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा त्यास लागू नाही. २०१७ मध्ये समितीच्या नव्या अध्यक्षांच्या सांगण्यावरून खात्यांकडील प्रती परत जमा होऊ लागल्या. त्यापूर्वी, डिसेंबर २०१६ मध्ये, पदावरून उतरणारे अध्यक्ष ओबामा यांनी एक प्रत आपल्या अध्यक्षीय कागदपत्रांत जतन करण्याचे ठरविले. ती बारा वर्षे तरी कोणास वाचता येणार नाही.